सेकंदांची बेरीज

नॉर्वे आणि हॉलंडमध्ये एक पिढी अशी होऊन गेली, जिने स्पीड स्केटिंग पाहिलं कमी आणि लिहून घेतलं जास्त. रेडिओवरचा समालोचक प्रत्येक फेरीची वेळ सांगायचा आणि घरातलं कुणीतरी कागद-पेन्सिल घेऊन ती टिपायचं. दहा हजार मीटर म्हणजे चारशे मीटरच्या पंचवीस फेऱ्या, म्हणजे एका स्केटरमागे पंचवीस आकडे. आपल्याकडे कसोटी सामन्याची धावसंख्या रेडिओवरून वहीत उतरवणारे काका होते, तशीच ही माणसं. फरक इतकाच की काका फक्त नोंद ठेवायचे आणि या मंडळींना भागाकारही करावा लागायचा.

कारण या खेळातला सर्वांत जुना मुकुट बेरजेचा आहे. पुरुषांची अष्टपैलू जागतिक स्पर्धा चार अंतरांची असते : 500, 1500, 5000 आणि 10000 मीटर. प्रत्येक अंतराची वेळ 500 मीटरच्या मापात आणायची. म्हणजे 500 ची वेळ तशीच घ्यायची, 1500 ची तीनने भागायची, 5000 ची दहाने, 10000 ची वीसने. चारही आकडे मिळवायचे आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो जगज्जेता. सगळी गंमत त्या 'वीस'मध्ये आहे. पाचशे मीटरमध्ये गमावलेला सेकंदाचा दहावा भाग दहा हजार मीटरमध्ये पूर्ण दोन सेकंदांना भरून काढावा लागतो. पहिल्या दिवशी स्टार्टला पाय किंचित घसरला तर त्याची वसुली दुसऱ्या दिवशी शेवटच्या फेरीपर्यंत चालू राहते.

हा हिशेब पहिल्या दिवसापासून नव्हता. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना 1892 मध्ये हॉलंडमधल्या श्केव्हनिंगनला स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी अॅमस्टरडॅमला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा भरली. तेव्हाचा नियम रांगडा होता. चारपैकी तीन शर्यती जिंका आणि मुकुट घेऊन जा. तीन कुणालाच जमल्या नाहीत तर त्या वर्षी जगज्जेताच नाही. याप ईडनने 1893, 1895 आणि 1896 मध्ये हे जमवलं. हा गडी सायकलिंगचाही जगज्जेता होता. पण 1894 मध्ये किताब कुणालाच मिळाला नाही, आणि पुढेही काही वर्षं गादी रिकामी राहिली. शेवटी 1908 पासून क्रमांकांचे गुण आले आणि 1928 पासून वेळेच्या बेरजेची आजची पद्धत.

जुना नियम मात्र मागच्या दाराने टिकून राहिला होता. तीन अंतरं जिंकणारा बेरजेत मागे असला तरी विजेता, हे कलम पुस्तकात तसंच होतं. 1983 मध्ये त्याने इंगा दाखवला. बेरीज स्वीडनच्या तोमास गुस्ताफसनची कमी होती. पण तीन अंतरं जिंकली होती नॉर्वेच्या रॉल्फ फाल्क-लार्सनने, म्हणून किताब त्याला गेला. नंतर ते कलम निघालं. माझ्या मते ते निघायलाच हवं होतं, पण मनातल्या मनात फाल्क-लार्सनचीही बाजू घ्यावीशी वाटते. चारपैकी तीन वेळा सगळ्यांच्या पुढे राहिलेल्या माणसाला 'तू दुसरा' असं कोणत्या तोंडाने सांगणार?

आर्ड शेंकने असा वाद कुणासाठी ठेवलाच नाही. 1972 च्या हिवाळ्यात साप्पोरो ऑलिम्पिकला या डच स्केटरने 1500, 5000 आणि 10000 मीटरची सुवर्णपदकं घेतली. 500 मीटरमध्ये मात्र तो पडला. ऑलिम्पिकमध्ये अशा पडण्याने त्या एकाच शर्यतीचं नुकसान होतं. नंतर ऑस्लोच्या बिस्लेट स्टेडियमवर जागतिक स्पर्धा झाली, तिथे मात्र एक पडणं म्हणजे सगळी बेरीज पाण्यात. शेंकने तिथे चारही अंतरं जिंकली. सलग तिसरा किताब.

याच्या उलट कथा एरिक हायडनची, आणि मला तीच जास्त आवडते. 1980 च्या फेब्रुवारीत लेक प्लॅसिड ऑलिम्पिकला या अमेरिकन तरुणाने 500 पासून 10000 पर्यंतची पाचही सुवर्णपदकं जिंकली. शेवटचं तर 14 मिनिटं 28.13 सेकंदांच्या विश्वविक्रमासह. 1977, 78 आणि 79 चा जगज्जेताही तोच. ऑलिम्पिकनंतर आठवड्याभरात हॉलंडमधल्या हिरेनवेनला जागतिक स्पर्धा होती. हायडनच्या पुढे कोण जाणार, असा प्रश्नसुद्धा तेव्हा कुणी विचारला नसता. तिथे बेरजेत पहिला आला यजमान देशाचा हिल्बर्ट व्हान डर डाइम आणि हायडन दुसरा. थकवा असेल, मन भरून गेलं असेल. कागदावर कारण लिहायला जागा नसते. पाच सुवर्णपदकांची माळ तिथे दाखवून उपयोग नव्हता.

1985-86 च्या मोसमापासून वर्ल्ड कप सुरू झाला आणि खेळाचं वेळापत्रकच बदललं. नोव्हेंबर ते मार्च, आज या देशात तर पुढच्या आठवड्यात त्या. प्रत्येक अंतराचा वेगळा गुणतक्ता. बरीच वर्षं पहिल्याला 100, दुसऱ्याला 80, तिसऱ्याला 70 असा हिशेब होता. 2010 च्या दशकाच्या सुरुवातीला या सगळ्या तक्त्यांच्या वर एक छत्र धरायचा प्रयत्न झाला : 'ग्रँड वर्ल्ड कप', म्हणजे मोसमभरातल्या सगळ्या अंतरांतल्या कामगिरीचा एकच सर्वसाधारण विजेता. डोंगरावरच्या स्कीइंगमध्ये असा किताब फार मानाचा आहे. स्केटिंगमध्ये तो रुजला नाही, आणि मला त्याचं नवल वाटत नाही. क्रमांकाच्या गुणांना अंतर कळत नाही. शतांश सेकंदाने जिंका किंवा पाच सेकंदांनी, शंभर ते शंभरच. सेकंदांची बेरीज करायची सवय लागलेल्या प्रेक्षकाला हे मापात पाप वाटणारच. शिवाय खेळाडूही आता वाटून गेले होते. 500 आणि 1000 वाले वेगळे, लांब पल्ल्याचे वेगळे; सगळीकडे उतरणारा क्वचितच.

जुन्या बेरजेला त्या काळात जिवंत ठेवलं ते डच स्केटर स्वेन क्रामरने. 2007 ते 2017 या अकरा मोसमांत नऊ अष्टपैलू जागतिक किताब! उरलेल्या दोनांपैकी 2011 मध्ये तो दुखापतीमुळे नव्हता, तेव्हा रशियाचा इवान स्कोब्रेव जिंकला. 2014 मध्ये जिंकला त्याचाच देशबांधव कून फरवाय. क्रामर पाचशे मीटरचा बादशहा कधीच नव्हता. तिथे फार मागे पडायचं नाही, मग 5000 आणि 10000 मध्ये सगळं वसूल करायचं, असा त्याचा सावकारी हिशेब. मार्च 2007 मध्ये सॉल्ट लेक सिटीला त्याने दहा हजारांत 12 मिनिटं 41.69 सेकंदांचा विश्वविक्रम केला, तो 2015 पर्यंत टिकला. आणि याच अंतराचं ऑलिम्पिक सुवर्ण त्याला कधी मिळालं नाही. 2010 मध्ये व्हँकुव्हरला प्रशिक्षक जेरार्ड केमकर्स यांनी ऐन शर्यतीत त्याला चुकीच्या पट्टीत पाठवलं. सर्वांत कमी वेळ नोंदवूनही तो बाद झाला.

2018 मध्ये अॅमस्टरडॅमच्या उघड्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये डच स्केटर पॅट्रिक रूस्टने क्रामरची सद्दी संपवली आणि 2020 पर्यंत किताब स्वतःकडे ठेवला. मग स्पर्धाच दर वर्षाऐवजी वर्षाआड होऊ लागली.

मार्च 2024. बव्हेरियातलं इन्झेल. विस्कॉन्सिनचा एकोणीस वर्षांचा जॉर्डन स्टोल्झ, जो तोवर 500, 1000 आणि 1500 मीटरचा जगज्जेता म्हणून ओळखला जात होता. असा वेगाचा माणूस पंचवीस फेऱ्यांत उघडा पडतो, हा जुना अनुभव. पण त्याने 500 आणि 1500 मध्ये केलेली बेरजेतली बचत वीसने गुणली, की लांब पल्ल्याच्या पट्टीच्या स्केटर्सना दहा हजारांत किती सेकंद काढावे लागतील, हे कागदावर स्पष्ट दिसत होतं. आणि तो दमलाही नाही. शॅनी डेव्हिसच्या 2006 मधल्या किताबानंतर पहिल्यांदाच बेरजेत सर्वांत वर एका अमेरिकन माणसाचं नाव लिहिलं गेलं.