सहा एकरांसाठी राज्यभर मतदान

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला अ‍ॅडिरॉन्डॅक नावाचा डोंगराळ मुलूख आहे. संरक्षित पार्क म्हणून त्याची हद्द पहिल्यांदा 1892 मध्ये ठरली. आज क्षेत्र सुमारे 60 लाख एकर. पण ही सगळी जमीन सरकारी नाही. निम्म्याहून अधिक खासगी आहे, आत गावं आहेत, माणसं राहतात.

एकोणिसाव्या शतकात लाकूडतोडीनं डोंगर उघडे पडू लागले. हडसन नदी आणि कालव्यांचं पाणी आटेल, ही धास्ती व्यापाऱ्यांनाही होती. म्हणून 1894 मध्ये थेट राज्यघटनेतच लिहिलं गेलं की सरकारी वनजमीन कायम रानच राहील. ती विकायची नाही, भाड्यानं द्यायची नाही, झाडं तोडायची नाहीत. साधा कायदा पुढचं सरकार एका अधिवेशनात बदलू शकतं. इथे मात्र घटनादुरुस्ती लागते. ती लागोपाठ दोन वेगवेगळ्या विधिमंडळांनी मंजूर करायची, म्हणजे मध्ये निवडणूक आलीच, आणि मग राज्यभर सार्वमत.

2009 मध्ये पार्कमधल्या टपर लेक परिसराच्या वीजवाहिनीसाठी जेमतेम सहा एकर सरकारी वनजमीन हवी होती, तरी प्रश्न मतपत्रिकेवर गेला. लोकांनी होकार दिला.

याची दुसरी बाजूही खरी आहे. पार्कमध्ये राहणारे सव्वा लाखाच्या आसपास, राज्याची लोकसंख्या दोन कोटींच्या घरात. आपल्या दाराशी असलेल्या जंगलाबाबतचा अंतिम निर्णय दूरच्या शहरांतले मतदार घेतात, ही स्थानिकांची जुनी तक्रार आहे, आणि ती रास्त आहे. तरीही हे कलम सव्वाशेहून अधिक वर्षं टिकलं, ते या अवघड वाटेमुळेच.