बुक्कीने फोडलेला कांदा

शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा दिसते ती बहुधा कांद्याचीच पेशी. पापुद्रा सोलायचा, काचपट्टीवर पसरायचा, आयोडीनचा थेंब टाकायचा आणि दिसतील त्या लांबट चौकटी वहीत उतरवून नावं द्यायची: पेशीभित्तिका, पेशीद्रव्य, केंद्रक. वनस्पतिपेशीची खूण म्हणून पाठ केलेली हरितलवकं मात्र इथे शोधूनही सापडत नाहीत. सूर्यप्रकाशावर अन्न तयार करण्याचं काम वरच्या हिरव्या पातीचं. कांदा ते फक्त साठवतो.

चौकटीतली मधली मोठी जागा आकृतीत बहुतेक कोरीच राहते. ती रिक्तिका. पूर्ण वाढलेल्या वनस्पतिपेशीचा ८०-९० टक्के भाग ती एकटी व्यापू शकते आणि केंद्रकाला पार कडेला रेटते. केंद्रकाचा मान मोठा, हे कबूल. कांद्याच्या जनुकसंचात सुमारे १,६०० कोटी अक्षरं आहेत, माणसाच्या पाचपट! तरीही स्वयंपाकघरात कांद्याशी आपला जो काही संबंध येतो, तो मुख्यतः रिक्तिकेमुळे.

लाल कांद्याच्या पाकळीवरचा जांभळट पापुद्रा घेतला तर ती थेट दिसते, कारण रंग तिच्यातल्याच पाण्यात विरघळलेला असतो. काचपट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब सोडायचा. काही मिनिटांत पाणी बाहेर पडू लागतं, रंगीत भाग आक्रसतो आणि त्याच्याभोवतीचं पातळ पटल भिंतीपासून सुटत आत सरकतं. भिंत जागची हलत नाही, ती सेल्युलोजची. मीठ लावलेल्या कोशिंबिरीला पाणी सुटतं, ते असंच. हेच पाणी आतून भिंतीवर दाब देत असतं तोवर कांदा करकरीत लागतो. हा दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त असू शकतो.

आणि डोळ्यांतलं पाणी? अॅलिनेज नावाचं विकर रिक्तिकेत असतं आणि गंधकयुक्त संयुगं बाहेर पेशीद्रव्यात. मधे एक पटल, म्हणून अख्खा कांदा कितीही वेळ हातात धरा, काही होत नाही. सुरी फिरली की पटल फाटतं, दोघं भेटतात. यापुढचं काम आपोआप होतं, असाच समज होता. जपानी संशोधकांनी २००२मध्ये दाखवून दिलं, की डोळ्यांना झोंबणारा वायू तयार करायला आणखी एक विकर लागतं. झाडाच्या दृष्टीने ही सोय कुरतडणाऱ्या किड्यांसाठी. आपण मधे सापडतो.

बोथट सुरी पेशी कापण्याऐवजी चिरडते, त्यामुळे जास्त रडवते. थंड कांद्यात विकरं सुस्तावतात आणि अख्खा उकडला तर ती निकामीच होतात. भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेल्या कांद्यात मात्र एका फटक्यात असंख्य पटलं फुटतात. त्याचा झणका चिरलेल्या कांद्याला नाही, असं खाणारे सांगतात, आणि मला ते पटतं.