दोष कार्बोरेटरचा नव्हे, त्याखालच्या झडपेचा

सकाळी ट्रक विनातक्रार सुरू होतो. दहा-पंधरा किलोमीटर नीट धावतो आणि घाटाच्या चढावर मात्र धाप लागल्यासारखा थांबतो. अर्धा तास उभा केला की पुन्हा चालू लागतो. जुने पेट्रोल ट्रक जतन करणाऱ्या शौकिनांना ही तक्रार चांगलीच परिचयाची आहे. त्यावर मिस्त्री कार्बोरेटर साफ करतात, फ्युएल पंप बदलतात आणि शेवटी पंपावर ओले फडके गुंडाळण्याचा सल्ला देतात. एवढा खर्च करूनही चढावरचे थांबणे सुटत नसेल, तर कार्बोरेटरच्या बरोबर खाली, मॅनिफोल्डमध्ये दडलेली एक लहानशी झडप तपासणे आवश्यक ठरते.

ही झडप अमेरिकी बनावटीच्या बहुतेक जुन्या पेट्रोल इंजिनांत आढळते. उदाहरणार्थ, १९३७ ते १९५३ या काळात शेव्हरोलेच्या ट्रकमध्ये वापरले गेलेले २१६ घनइंचांचे, म्हणजे सुमारे साडेतीन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन. मुंबईचाही या ट्रकशी संबंध आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जुळणी कारखाना सुरू केला आणि तेथून शेव्हरोलेची वाहने देशभर गेली. पुढे डिझेल ट्रकचे युग आले. डिझेल इंजिनाला कार्बोरेटर नसतो, त्यामुळे ही झडपही नसते. डिझेलवर हात बसलेल्या मिस्त्रींच्या नजरेतून ती सुटते, यात नवल नाही.

कार्बोरेटरमधून बाहेर पडणाऱ्या पेट्रोलची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता शोषून घेते. इंजिन थंड असेल तर वाफ पुरेशी होत नाही आणि पेट्रोलचे थेंब इनटेक मॅनिफोल्डच्या भिंतींना चिकटून राहतात. इंजिन अडखळते, चोक ओढून ठेवावा लागतो. हे टाळण्यासाठी इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर काही मिनिटे इनटेक मॅनिफोल्डच्या तळाकडे वळवला जातो. हे वळवण्याचे काम झडप करते. तिच्या दांड्यावर बाहेरच्या बाजूस दोन भिन्न धातूंच्या जोडपट्टीची गुंडाळीदार स्प्रिंग आणि एक वजन असते. थंड असताना स्प्रिंग झडपेला गरम स्थितीत धरून ठेवते. मॅनिफोल्ड तापला की स्प्रिंगचा ताण ओसरतो, वजन व धुराचा दाब झडप फिरवतात आणि धूर सरळ सायलेन्सरकडे जातो.

धुरातील कार्बन आणि गंज यांमुळे दांडा जाम होतो. मग सारे अवलंबून राहते ते झडप कोणत्या स्थितीत अडकली यावर. मोकळ्या स्थितीत अडकल्यास इंजिन तापेपर्यंत पिकअप मिळत नाही. चोक लांबल्याने जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरील तेल धुऊन काढते आणि खाली उतरून इंजिन ऑइल पातळ करते. गरम स्थितीत अडकल्यास धोका अधिक. कार्बोरेटर सतत तापत राहतो, त्यातील पेट्रोल उकळते आणि चढावर इंजिन बंद पडते. उकळलेले पेट्रोल तापलेल्या मॅनिफोल्डवर सांडले तर आगीची भीती असते. व्ही-आठ इंजिनात तर एका बाजूच्या चार सिलिंडरांचा धूर कोंडतो व एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळण्याची वेळ येते.

तपासणी बिनखर्चाची आहे. इंजिन पूर्ण थंड असताना वजन हाताने फिरवून पाहावे. ते सहज फिरले पाहिजे आणि सोडताच स्प्रिंगच्या ओढीने परत आले पाहिजे. फिरते पण परत येत नसेल, तर स्प्रिंग तुटली किंवा निकामी झाली असे समजावे. नंतर मोकळ्या जागेत इंजिन सुरू करून, हात न लावता, वजनाकडे लक्ष ठेवावे. इंजिन तापत जाईल तसे ते हळूहळू सरकायला हवे. व्ही-आठ असेल तर व्हॅक्यूम गेजही उपयोगी पडतो. इंजिन मिनिटाला सुमारे दोन हजार फेऱ्यांवर स्थिर धरले असता काटा सावकाश खाली येऊ लागला, तर धुराच्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे. अर्थात तो तुंबलेल्या सायलेन्सरचाही असू शकतो.

जाम झडप सोडवताना घाई नडते. मॅनिफोल्ड बिडाचा असतो. जोराचा घाव बसला तर तो तडकतो. दांड्याच्या दोन्ही टोकांना गंज सोडवणारे तेल सोडून रात्रभर मुरू द्यावे. दुसऱ्या दिवशी लहान हातोडीने दांड्याची टोके आलटून पालटून हलकेच ठोकावीत आणि मधूनमधून वजन फिरवत राहावे. वजनावर किंवा स्प्रिंगवर घाव घालू नये. झडप सुटल्यावर साधे इंजिन ऑइल लावण्याची चूक अनेक जण करतात. ते तेथील उष्णतेने जळते आणि त्याचाच कार्बन पुन्हा दांडा धरतो. तेथे ग्रॅफाइटयुक्त वंगणच हवे.

काही गॅरेजांत झडप मोकळ्या स्थितीत तारेने बांधून टाकतात. कोकणपट्टीच्या उष्म्यात तात्पुरता उपाय म्हणून ते खपून जाते. पण थंडीतल्या सकाळी महाबळेश्वर किंवा नाशिककडे निघायचे असेल तर त्रास होणारच. शिवाय पंपांवरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि तेवढ्याच वजनाच्या पेट्रोलच्या तुलनेत त्याची वाफ होण्यास दुपटीहून अधिक उष्णता लागते. ही झडप म्हणजे जुन्या काळची निरुपयोगी अडगळ, हा समज त्यामुळे टिकत नाही.

झडप पूर्ववत काम करू लागली की चोक व कार्बोरेटरचे मिश्रण पुन्हा जुळवून घ्यावे लागते. बिघाड झाकण्यासाठी मिस्त्रींनी पूर्वी केलेली जुळवणी तशीच राहिली, तर दुरुस्तीनंतरही इंजिन अडखळतेच आणि दोष पुन्हा कार्बोरेटरवर जातो.