रोड रॅशची वाट बघता बघता केस पिकले

रोड रॅश हा बाइक शर्यतीचा गेम 1991 साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने सेगाच्या कन्सोलवर आणला. आपण खेळलो तो 1996 चा, विंडोजवरचा. तेव्हा आपला वाशीम जिल्हाही झाला नव्हता! आम्हा इंझोरीच्या पोरांना तो गवसला आणखी उशिरा, कारंज्याच्या कॅफेत.

शर्यत जिंकणं दुय्यम. बाजूच्या गड्याने साखळी उगारली की नेमक्या क्षणी ठोसा हाणायचा, साखळी आपल्या हातात! पडलं तर बाइक कुठल्या कुठे, अन् आपला गडी रस्त्यावरून तिच्यामागे पळतोय. तेवढ्यात पोलीस आला की संपलं. मेनूतलं संगीत साउंडगार्डनसारख्या खऱ्याखुऱ्या रॉक बँडचं होतं, हे मला फार नंतर कळलं.

2000 मध्ये याच मालिकेतला ‘जेलब्रेक’ आला, पण प्लेस्टेशनवर. आपल्याकडे तो होता कोणाजवळ? पीसीवर पुढचा भाग आजतागायत नाही. 2017 ला दुसऱ्याच मंडळींनी लोकवर्गणीतून ‘रोड रिडेम्प्शन’ काढला. मारामारी झकास, पण त्यात बाइक इमारतींच्या छतांवरूनही धावतात. तिथं माझं मन उडालं.

पोरगा आता दहावीत. म्हणतो, "बाबा, ग्राफिक्स किती भंगार!" जुनी सीडी कोणाकडे असेल तर कळवा, त्याला एकदा हरवायचंय.