चार चौकोनांपुरती जागा

पडद्यावर काही रंगीत चौकोन उमटतात आणि सेकंदाच्या दहाव्या भागात नाहीसे होतात. जेमतेम सेकंदभर पडदा रिकामा राहतो. मग चौकोन पुन्हा येतात, कधी अगदी तसेच, तर कधी त्यातल्या एकाचा रंग बदललेला. बदल झाला की नाही, एवढेच सांगायचे. स्टीव्हन लक आणि एडवर्ड व्होगेल यांनी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात केलेला हा प्रयोग १९९७ मध्ये ‘नेचर’ने छापला. स्मृती आणि अवधान यांचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये आजही तो या ना त्या रूपात चालू असतो.

तीन चौकोनांपर्यंत क्वचितच कोणी चुकते. चारपासून चुका वाढू लागतात आणि चौकोन बारापर्यंत नेले की उत्तरे पार ढासळतात. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सांगितलेला, एका वेळी मनात मावणाऱ्या गोष्टींचा ‘सात’ हा आकडा बऱ्याच जणांना ठाऊक असतो. पण मनातल्या मनात घोकायला किंवा गट पाडायला वाव ठेवला नाही, तर आकडा चारच्या आसपास येतो, असे नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये दाखवून दिले. हातातल्या कामापुरती मनात धरून ठेवायची ही स्मृती म्हणजे कार्यस्मृती. इतकी अरुंद जागा घेऊन आपण गणिते सोडवतो, वाहने चालवतो आणि भांडतोही, याचे मला फार नवल वाटते.

अशा प्रयोगशाळेतला दिवस बाहेरून पाहिला तर कंटाळवाणा वाटेल. आवाज येऊ नये अशी बंद खोली, मंद उजेड, समोर पडदा. प्रयोगाला आलेल्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर मेंदूचे विद्युतसंदेश टिपणारी इलेक्ट्रोडची टोपी चढवायची, प्रत्येक इलेक्ट्रोडखाली जेल भरायचे आणि त्वचेशी नीट संपर्क झाला का ते तपासायचे. केस दाट असतील तर यातच बराच वेळ जातो. मग सूचना द्यायच्या: नजर मधल्या ठिपक्यावर ठेवा, डोळे हलवू नका, शक्यतो पापणीही मिटू नका. एका पापणीच्या हालचालीने उमटणारी लाट मेंदूच्या संदेशापेक्षा कितीतरी मोठी असते. मेंदूचा संदेश व्होल्टच्या काही दशलक्षांश भागांएवढा. एका वेळच्या नोंदीत तो गोंगाटात हरवून जातो. म्हणून तेच चौकोन शेकडो वेळा दाखवायचे आणि सगळ्या नोंदींची सरासरी काढायची. योगायोगाचा गोंगाट एकमेकांत विरतो, मेंदूचे उत्तर तेवढे शिल्लक राहते. सत्र संपले की विद्यार्थी केसांतले जेल धुऊन घरी जातो.

या चिकाटीतून निघालेला एक निष्कर्ष मला सर्वांत मोलाचा वाटतो. व्होगेल आणि मारो माचिझावा यांना २००४ मध्ये मेंदूची अशी एक लहर मिळाली, की लक्षात ठेवायच्या वस्तू वाढतील तशी ती वाढते आणि त्या माणसाची मर्यादा गाठली की थांबते. पुढच्याच वर्षी ऑरेगन विद्यापीठातल्या त्यांच्या चमूने हीच लहर वेगळ्या प्रश्नासाठी वापरली. पडद्यावर दोन लाल रेघा आणि दोन निळ्या. लक्षात फक्त लाल ठेवायच्या. ज्यांची कार्यस्मृती चांगली होती, त्यांची लहर दोन वस्तूंएवढी होती. जे आधीच्या चाचणीत मागे पडले होते, त्यांची लहर जवळपास चार वस्तूंएवढी निघाली. म्हणजे ते कमी साठवत नव्हते; नको असलेल्या निळ्या रेघाही आत घेत होते. ‘याच्या डोक्यात काही राहत नाही’ असे मुलाला म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल माहीत करून घ्यावा. अडचण जागेची नसून दाराशी होणाऱ्या निवडीची असू शकते.

असे निष्कर्ष नियतकालिकांत अडकून पडू नयेत म्हणून अनेक विद्यापीठांतले संशोधक विद्यार्थी शाळांत जातात. डेना फाउंडेशनचा ‘मेंदू जागृती सप्ताह’ १९९६ पासून दर मार्चमध्ये होतो, त्यात अशा भेटी ठरलेल्या असतात. तिथे इलेक्ट्रोडची टोपी घातलेल्या मुलाने डोळे मिटले की पडद्यावर सेकंदाला आठ ते बारा ठोक्यांची लयबद्ध लाट दिसू लागते, उघडले की ती दबते. हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये जगापुढे आणलेली ही अल्फा लहर वर्गाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’मधल्या मेंदू संग्रहालयात खरा मानवी मेंदू हाताळायला मिळतो. मेंदूविषयीच्या दहा भाषणांपेक्षा असा एक अनुभव मुलाला जास्त शिकवतो, असे माझे ठाम मत आहे.

याची गरज आपल्याकडे अधिकच आहे. ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’च्या नावाखाली डोळ्यांवर पट्टी बांधलेली मुले वाचून दाखवणारे वर्ग महाराष्ट्रातही चालले आणि पालकांनी त्यासाठी हजारो रुपये मोजले. मुले नाकाशेजारच्या फटीतून पाहत होती, हे विवेकवादी कार्यकर्त्यांनी पुनःपुन्हा दाखवून दिले. अमेरिकेत ‘लुमॉसिटी’ या मेंदूच्या खेळांच्या कंपनीला, पुरावा नसताना मोठे दावे केल्याबद्दल २०१६ मध्ये वीस लाख डॉलर भरावे लागले. आपली स्मृती कशी मोजतात हे ज्याने एकदा पाहिले आहे, तो अशा जाहिरातींना पुरावा विचारतो.

वाचलेले लक्षात राहावे यासाठी खरोखर उपयोगी ठरलेला उपाय मात्र फुकट आहे. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार सत्रे वाचला. काहींनी एकच सत्र वाचला आणि पुढची तीन सत्रे न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानंतर चित्र उलटले. वाचणाऱ्यांच्या लक्षात ४० टक्के उरले, आठवून लिहिणाऱ्यांच्या ६१. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना मात्र आपल्याला सगळे येते असा विश्वास अधिक होता.

शिक्षकांना एक विनंती. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनी ज्वालामुखीच्या प्रतिकृतीशेजारी जॉन रिडली स्ट्रूप यांचा १९३५ चा प्रयोग मांडा. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईने, ‘निळा’ पिवळ्या शाईने, असे वीस शब्द लिहा आणि मुलांना शब्द न वाचता शाईचा रंग सांगायला लावा. घड्याळ लावून वेळ नोंदवा. मग तसाच इंग्रजी तक्ता द्या. ज्या भाषेतले वाचन सराईत, तिथे अडखळणे साधारणपणे जास्त होते. अजून वाचता न येणाऱ्या धाकट्या भावंडांनाही बोलवा. ती रंग सांगताना बहुधा मोठ्यांसारखी अडखळणार नाहीत. असे का होते, याचे उत्तर आधी मुलांनाच शोधू द्या.