समुपदेशकाकडे जाण्यापूर्वी

उसाचे बेणे घेताना आपण जात, वय, प्लॉट सारे विचारतो. मग अमरावती-अकोल्यात खाजगी समुपदेशकाकडे जाताना बुजायचे कशाला? ‘समुपदेशक’ ही पाटी कुणीही लावतो, शिक्षण विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवीत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. फी, बैठका किती, हेही आधीच. गोळ्या मात्र डॉक्टरच देतात.

“गावात बोभाटा होईल,” हे आम्ही बांधावर नेहमी ऐकतो. बोलणे कुठवर गुप्त राहील, ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. जिवाला धोका दिसला तर घरच्यांना सांगावे लागते, आणि ते बरेच. मनात बरेवाईट येत असेल तर चौकशीत दिवस घालवू नका. जिल्हा रुग्णालय गाठा, नाहीतर १४४१६ फिरवा. टेली-मानसचा हा फोन २०२२ पासून रात्रंदिवस चालू आहे. फुकट, अन् मराठीत.