रात्र जागवणारी गोळी मार्क वाढवते का? आई-वडिलांनी हे वाचाच

भिवापूर (जि. नागपूर) : मिरचीसाठी नाव असलेल्या आपल्या तालुक्यातली मुलं-मुली बारावीनंतर शिकायला नागपूरला खोली करून राहतात. परीक्षा जवळ आली की एखादा मित्र म्हणतो, "ही गोळी घे, रात्रभर झोप येणार नाही." घरी अम्मी-अब्बूंना याचा पत्ताही नसतो.

ही गोळी कसली?
अभ्यासासाठी जगभर गैरवापर होणारी दोन औषधं म्हणजे मिथाइलफेनिडेट आणि मोडाफिनिल. पहिलं लक्ष न टिकण्याच्या आजारावर, म्हणजे एडीएचडीवर देतात. दुसरं दिवसा अनावर झोप येण्याच्या आजारावर. दोन्ही डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. मिथाइलफेनिडेट तर १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली येतं. त्यामुळे मित्राला एक गोळी देणंही महागात पडू शकतं.

हुशारी वाढते का?
मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये ४० निरोगी लोकांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. ठरावीक वजनात जास्तीत जास्त किमतीचा माल बसवायचा, असं कोडं होतं. गोळी घेतल्यावर वेळ आणि मेहनत वाढली, पण उत्तरांचा दर्जा घसरला. म्हणजे पोरगं जोरात पळतं, पण वाट चुकतं.

शिवाय वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत. झोपच उडवली तर राहणार काय?

शरीरावर काय होतं?
छातीत धडधड, रक्तदाब वाढणं, भूक मरणं, चिडचिड, घबराट. मिथाइलफेनिडेटची सवयही लागू शकते. मोडाफिनिलनं अंगावर पुरळ उठलं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरकडे जा. क्वचित ते जीवावर बेततं. गोळीवर एनर्जी ड्रिंक घेतलं तर हृदयावरचा ताण आणखी वाढतो.

घरच्यांनी काय करावं?
मूल अचानक बारीक झालं, रात्र-रात्र जागतंय, तर आधी रागावू नका. विचारा, "बेटा, कशाचं टेन्शन आहे?" खरंच लक्ष लागत नसेल तर मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा, त्यात लाज कसली? ज्यांना डॉक्टरांनीच हे औषध दिलंय, त्यांनी मात्र ते मनानं बंद करू नये.

छातीत दुखलं तर थेट दवाखाना गाठा आणि गोळीचं नाव लपवू नका. मनावर ताण असेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे. तिथं मराठीतही बोलता येतं.

इशानंतर वेळेत झोप आणि फजरनंतर ताज्या डोक्यानं अभ्यास, याला कुठल्याच चिठ्ठीची गरज नाही. आणि चार मार्क कमी पडले तरी घराचा दरवाजा उघडाच आहे, हे मुलांना आजच फोन करून सांगा.